भाषा येते कशी, जाते कशी: मराठी भाषा विद्यापीठाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सदस्य,
मराठी भाषा विद्यापीठ, रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती

सप्रेम नमस्कार,

आधी मागणी सांगते, कारणं मागून. माणसाला भाषा कशी येते आणि आलेली भाषा कशी जाते, या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपण सुरू करावा. तो मराठीतून शिकवला जावा, त्यातली उदाहरणं मराठीची असावीत आणि निम्मा वेळ विद्यार्थी वर्गाबाहेर असावेत: अंगणवाडीत, रुग्णालयाच्या वॉर्डात, मेळघाटातल्या शाळेत. मराठीच्या एम.ए.ला जोडलेला एखादा ऐच्छिक पेपर एवढ्यावर कृपया हा विषय उरकू नका.

मी अकोल्यात स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्या ओपीडीच्या बाकावर रोज दोन प्रकारची माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात. तीन वर्षांचं एखादं मूल, अजून धड दोन शब्द जोडत नाही. वेखंड चाटवून झालेलं असतं, जिभेखालची दोरी कापून घ्या असं कुणीतरी सुचवलेलं असतं, आणि ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असं आजी मला दर वेळी सांगते. त्याच्या बाजूला पासष्टीचे एखादे काका. अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झालेला, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि घरचे त्यांच्याशी मोठ्यामोठ्याने बोलतात, जणू त्यांना ऐकूच येत नाही. एकाची भाषा यायची आहे, दुसऱ्याची गेली आहे. दोघांवरही काम करायचं तर मराठी माणसाच्या डोक्यात मराठीची घडण कशी असते, हे मला ठाऊक हवं. ते मला कुणी शिकवलं नाही. आमचं शिक्षण इंग्रजीतून, पुस्तकं इंग्रजी, त्यातली मुलं इंग्रजी बोलणारी आणि वाचाघाताचे, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा गेलेले, रुग्णही इंग्रजी बोलणारे. मराठीचं तुमचं तुम्ही बघा, असा एकूण मामला होता.

त्याचा परिणाम काय होतो ते एका साध्या चित्रावरून सांगते. उच्चार तपासायच्या संचात केळ्याचं चित्र असतं. ते दाखवून मुलाला विचारायचं, हे काय? त्यानं ‘केळं’ म्हटलं तर बरोबरची खूण करायची. आमच्याकडचं मूल म्हणतं, ‘केयं’. नियमाप्रमाणे ‘ळ’ चुकला, गुण गेला. पण त्याला घेऊन आलेली आजी ‘केयं’च म्हणते, रिक्षावाला ‘केयं’च म्हणतो, डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’ करणाऱ्या वऱ्हाडात ते मूल जन्मलं आहे. त्याच्या उच्चारात दोष नाही, त्यानं आपल्या घरची भाषा चोख उचलली आहे. उलट, सहा वर्षांचं मूल ‘केयं’ म्हणतं म्हणून त्याला ‘आमच्याकडे असंच बोलतात’ असं सांगून परत पाठवलं आणि त्याला खरोखरच अडचण असली, तर त्याची दोन वर्षं गेली. कुठल्या वयाला, कुठल्या भागात, कुठला आवाज बसतो, याची नोंद हाताशी असेल तर हा निवाडा पाच मिनिटांत होतो. नसेल तर थेरपिस्टच्या अंदाजावर. तेच ‘जेवून राहिला’चं. कागदावरचं उत्तर ‘जेवतो आहे’, आणि आमचं अख्खं गाव जेवून राहिलं आहे.

आता मुलांच्या चुकांकडे या. तीन-साडेतीन वर्षांचं मराठी मूल ‘मी करलं’ म्हणतं, ‘बाबा जाला’ म्हणतं, ‘मला देलं नाही’ म्हणून रडतं. घरातलं कुणीही ‘करलं’ म्हणत नाही. म्हणजे त्यानं ते ऐकून उचललेलं नाही, स्वतः घडवलेलं आहे. बसलं, उठलं, पडलं, हसलं यांतून त्यानं नियम काढला आणि ‘कर’ला लावला. गंमत अशी की त्याच्या चार-सहा महिने आधी तेच मूल ‘केलं’ म्हणत असू शकतं, कारण तेव्हा तो त्याच्यासाठी एक अख्खा ऐकीव शब्द होता. आईला वाटतं पोर मागे गेलं. प्रत्यक्षात ते पुढे गेलेलं असतं. किंवा तीन वर्षांचा मुलगा दिवसभर आईजवळ असतो आणि ‘मी आली’ म्हणतो. सगळं घर हसतं. पण आईच्या तोंडून ‘मी’सोबत त्यानं तेच ऐकलं; ‘मी’ म्हणणारा बदलला की क्रियापदाचं लिंग बदलतं, हे कळायला त्याला आणखी थोडे दिवस लागतात. इंग्रजी मुलाला हा पेचच पडत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकात त्याचं उत्तरही नाही.

१९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी एक सुंदर प्रयोग केला. मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवून त्याला ‘वग’ असं खोटंच नाव दिलं आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. मुलांनी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. पाठांतरावर ते जमलं नसतं, म्हणजे नियम मुलांच्या डोक्यात होता. हाच प्रयोग मराठीत आणला तर तो अनेकवचनापाशी थांबवता येणार नाही, कारण आपली खरी परीक्षा सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपात आहे. समजा, चित्रातल्या विचित्र प्राण्याला मी ‘ढिमूर’ म्हटलं आणि विचारलं, माशी कुठं बसली? कापूस-कापसावर, माणूस-माणसावर ही जात ज्याला कळली ते मूल ‘ढिमरावर’ म्हणेल. ज्याला ‘आ’ येतो एवढंच कळलं ते ‘ढिमुरावर’ म्हणेल. ज्याला काहीच कळलं नाही किंवा ज्याच्या घरात अर्धं इंग्रजी आहे ते ‘ढिमूरवर’ म्हणून मोकळं होईल. मी ओपीडीत मुलांशी हा खेळ खेळते. उत्तरं तिन्ही येतात. पण कुठलं उत्तर कुठल्या वयाला ठीक, हे शेकडो मुलांवर तपासून कोष्टकात मांडलेलं असल्याशिवाय साडेचार वर्षांच्या ‘ढिमूरवर’ला उशीर म्हणावं की नाही, हे मी त्या आईला कशाच्या जोरावर सांगू? एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा हा दोन वर्षांचा प्रबंध आहे. आठ विद्यार्थ्यांनी आठ भागांत केला तर महाराष्ट्राचा नकाशा तयार होतो.

मराठी एकटीच मागे राहिली आहे असं नाही. बालभाषेवरच्या चार प्रमुख नियतकालिकांत सुमारे ४५ वर्षांत जे लेख आले, त्यांची मोजदाद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. जगात सात हजारांच्या आसपास भाषा, आणि त्या लेखांत भेटतात १०३. २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाख भाषक आहेत, त्या भाषेच्या विद्यापीठानं हा आकडा वाचून नुसती मान हलवू नये.

भाषा जाण्याच्या बाजूकडे तर याहूनही कमी लोक बघतात. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला जवळपास ‘टँ’ एवढंच बोलता येत होतं. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाला इजा झालेली होती. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार दाखवला: माणूस भराभर बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं त्याला उमगत नाही. यापुढची बरीचशी वर्णनं युरोपी भाषांवर उभी राहिली. ब्रोका प्रकारचा इंग्रजी रुग्ण शब्दांची शेपटं गाळतो आणि उरलेला शब्द तरीही शब्दच असतो. सगळ्या भाषांत तसं गाळता येत नाही. हिब्रूत शब्दाचं रूप घडवणारे स्वर काढले तर उच्चारण्याजोगं काही हातात उरतच नाही, आणि तिथले रुग्ण रूप गाळण्याऐवजी चुकीचं रूप घालतात, असं १९८० च्या दशकात दिसून आलं. मराठीत काय होतं? ‘माणसाला’मधला ‘ला’ गेला तर रुग्ण ‘माणसा’ म्हणेल की ‘माणूस’? हा प्रश्न पंडिती वाटतो, पण थेरपी कुठल्या वाक्यापासून सुरू करायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं. माझ्या रुग्णांत ‘करायचं’, ‘जायचं’, ‘जेवायचं’ ही रूपं फार ऐकू येतात, प्रत्येक काळासाठी तीच. ही माझ्या वहीतली नोंद आहे, संशोधन नव्हे. पण अशा वह्या राज्यभरातल्या थेरपिस्टांच्या ड्रॉवरात पडून आहेत.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. पेन दाखवला तर नाव येत नसे, मुलं किती विचारलं तर डोळे भरून येत, बोटंही दाखवता येत नसत. एकदा नातवाचं पुस्तक समोर होतं, मी सहज ‘एकोणतीस एके’ म्हटलं. सर सुरू झाले ते थेट दाहेपर्यंत, मध्ये एकदाही न अडखळता. बायको हुंदके देऊन रडायला लागली, तिला वाटलं वाचा परत आली. तसं नव्हतं. पाढे, आरत्या, अभंग, शिव्यासुद्धा, हे घडी घालून ठेवलेलं बोलणं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं, हे एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञांनीच नोंदवलं होतं. १९७३ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी सुरावर बोलणं बसवण्याची उपचारपद्धत मांडली. ती आमच्याकडे वापरायची तर कुठल्या सुरावर? इंग्रजी वाक्याच्या चढउतारावर बेतलेले दोन सूर मराठी वाक्यावर लादून मी बघितले आहेत; हाती फारसं लागत नाही. भजनी मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसाला भजनाच्या चालीवर ‘पाणी दे’ म्हणायला लावलं, तर निदान तो हसतो आणि प्रयत्न करतो. यातलं किती चालीमुळे आणि किती नुसत्या सवयीमुळे, हे कुणीतरी शिस्तीत तपासायला हवं की नको?

आता कुणी म्हणेल, मुलांचं बालविकासवाल्यांकडे द्या, म्हाताऱ्यांचं डॉक्टरांकडे, विद्यापीठानं कशाला एकाच छपराखाली आणायचं? माझा सगळा आग्रह इथंच आहे. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९४१ मध्ये मांडलं की मूल जे आवाज शेवटी शिकतं, ते वाचाघातात आधी जातात. पुढच्या संशोधनात हे इतकं सरळ निघालं नाही, पण प्रश्न मेला नाही. मराठीत तो विचारून बघा: उशिरा बसणारं सामान्यरूप झटक्यानंतर आधी ढासळतं का? तीन लिंगांपैकी कुठलं आधी डळमळतं? याचं उत्तर मिळायला मुलांच्या आणि रुग्णांच्या नोंदी एकाच माणसानं शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. शिवाय येणं आणि जाणं ही दोन वेगळी वयंही नव्हेत. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो आणि वर्षाची होईपर्यंत तो ऐकू येईनासा होतो. आपली भाषा पकडता पकडताच बाळ बाकीच्या भाषांचे कान सोडून देतं. सध्या आपल्याकडे भाषाविज्ञानाचा विद्यार्थी वॉर्डात पाऊल टाकत नाही आणि स्पीच थेरपीचा विद्यार्थी मराठीचं व्याकरण उघडत नाही. दोघांची भेट होते ती एखाद्या चर्चासत्राच्या जेवणाच्या रांगेत.

आपल्याकडची माणसं एकभाषिक नसतात, हाही मोठाच भाग आहे. बँकेत नोकरी केलेल्या माणसाचं घर मराठी, बाजार हिंदी, कागद इंग्रजी. झटक्यानंतर कुठली भाषा आधी परतते? फ्रान्समध्ये रिबो यांनी १८८० च्या दशकात म्हटलं, आधी शिकलेली. पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटलं, झटक्याआधी जास्त वापरातली. रुग्ण दोघांचंही ऐकत नाहीत. पण या प्रश्नावर भारतात बसून मोठं काम होतं, हे हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. निम्स रुग्णालयातल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही तो फरक दिसला. २०१३ चा हा अभ्यास. २०१६ मध्ये ६०८ झटका आलेल्या रुग्णांचा आला: बहुभाषिकांत ४०.५ टक्के लोकांची बुद्धी शाबूत राहिली, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. या निष्कर्षांवर जगात वाद चालू आहेत आणि ते व्हावेतच. मला हेवा वाटतो तो त्यांच्याकडे वाद घालण्याइतपत नोंदी आहेत याचा.

आपल्याकडे वाद कशावर होतात? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, १७ जूनला सुधारित आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. मधल्या काळात टीव्हीवर प्रत्येक जण सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा तज्ज्ञ झाला होता. माझं मत विचाराल तर मी सक्तीच्या विरोधात होते आणि आहे. पण ‘तीन भाषांचा मेंदूवर ताण येतो’ हा आपल्याच बाजूचा मुद्दा मला तेव्हाही पटला नाही. मेळघाटातल्या धारणीतलं कोरकू आदिवासी पोर घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी सांभाळतं. त्याचा ताण भाषांच्या संख्येचा नसतो, न कळणाऱ्या भाषेत पहिल्या दिवसापासून अक्षरं गिरवायला लावल्याचा असतो. तसंच २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा आठवडाभर चेष्टा चालली. ज्या भाषेत शंभरपर्यंतचे बहुतेक आकडे स्वतंत्र पाठ करावे लागतात आणि एकक आधी, दशक मागून बोललं जातं, तिथं मूल कुठं अडखळतं हा किती रंजक प्रश्न आहे! तो बाजूला राहिला आणि कोट्या झाल्या. अशा वेळी सरकारनंही आणि विरोधकांनीही ज्याच्याकडे फोन करावा, असा विभाग तुमच्याकडे असावा.

आणि जागा म्हणाल तर रिद्धपूरसारखी नाही. तासा-दोन तासांवर मेळघाट, जिथली कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे तिची भावंडं पार झारखंड-ओडिशाकडे. पश्चिमेला बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली, जिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी पक्कं जुळलेलं नाही आणि जी बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात उरलेत. तिथं भाषा जाते ती कुणाच्या मेंदूतून नव्हे. आजी बोलते, आईला कळते, नात हसते. हीसुद्धा भाषा जाण्याचीच रीत आहे आणि अभ्यासक्रमात ती हवी. कुपवाडला घराघरांत मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या साच्यात कशा बसत गेल्या, हे १९७१ मध्ये गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी लिहिलं, ते जगभर शिकवलं जातं. सांगली जिल्ह्यातलं ते गाव मराठीच्या किती विद्यार्थ्यांनी त्या नजरेनं पाहिलं आहे? तंजावरची मराठी तीनशे वर्षांहून जास्त तमिळच्या गराड्यात घरात टिकली, इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या नातवंडांत मात्र हिब्रूनं तिची जागा घेतली. का, याची तुलना कुणीतरी करायला हवी.

थोडं व्यवहाराचं. प्रवेश भाषाविज्ञान आणि मराठीवाल्यांसोबत स्पीच थेरपी, मानसशास्त्र, डी.एड. झालेले शिक्षक, परिचारिका यांनाही द्या. पण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की या पदवीनं कुणी थेरपिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदवी आणि नोंदणी लागते. ही फसगत मी इतर अभ्यासक्रमांत पाहिली आहे. अमरावती-अकोल्याच्या सरकारी रुग्णालयांशी करार करा. दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आणि वाचाघाताच्या रुग्णांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण, घरच्यांची लेखी संमती घेऊन, नावं झाकून, पहिल्या वर्षापासून साठवायला लागा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी, सगळ्यांचं. प्रबंध मराठीत लिहू द्या. आणि एक कळकळीची विनंती: आधी परिभाषा समिती नेमू नका. शब्द काम करताना सापडतात. समितीत पाच वर्षं निघून जातील आणि हाती येईल तो शब्द उच्चारायला माझे बरे झालेले रुग्णही अडतील.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यातून येणारा पैसा हस्तलिखितांना, कोशांना जाईल, जावाच. त्यातला थोडा तरी बोबड्या मराठीसाठी आणि झटक्यानंतरच्या तुटक्या मराठीसाठी ठेवा. आपल्या गावात ही परंपरा नवी नाही. चक्रधरस्वामींच्या माघारी म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसांकडून ऐकून गोळा केल्या त्या तेराव्या शतकात, याच परिसरात. बोललेलं शक्य तितकं जसंच्या तसं टिपायची ती चिकाटी होती. आता हातात रेकॉर्डर आहे, तेवढाच फरक.

विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय चर्चेला घ्यावा. मसुदा हवा असेल तर आम्ही वऱ्हाडातले काही थेरपिस्ट बसून महिनाभरात देऊ. चर्चेला बोलावलंत तर मी नक्की येईन. शक्यतो शनिवारी ठेवा, इतर दिवशी ओपीडी असते.

आपली,
अकोल्यातील एक स्पीच थेरपिस्ट